सागरचित्रांतील सूर्यप्रकाश : सौंदर्य आणि साक्ष

सूर्य जसा आहे तसा रंगवता येत नाही, ही सागरचित्रकाराची पहिली अडचण होय. त्याच्याजवळच्या पांढऱ्या रंगाला स्वतःचा प्रकाश नसतो. दालनात जेवढा उजेड असेल त्यातलाच काही भाग तो परतवतो. ज्या बिंबावर क्षणभरही दृष्टी ठरत नाही, त्याचे तेज अशा रंगद्रव्यातून उभे करायचे तर भोवतालच्या छटा मंद कराव्या लागतात, सूर्य क्षितिजाजवळ उतरवावा लागतो, त्याच्यावर धुक्याचा पडदा धरावा लागतो. म्हणजे चित्रातील सूर्यप्रकाश ही निसर्गाची नक्कल नसून चित्रकाराने केलेली निवड असते; आणि जिथे निवड आली तिथे तिच्या अर्थाचा प्रश्नही आला. युरोपीय सागरचित्रकलेतील तीन चित्रांच्या आधारे हा प्रश्न येथे तपासायचा आहे.

त्यांतले पहिले चित्र क्लोद लोरँ याचे. रोममध्ये आयुष्य घालवलेल्या या फ्रेंच चित्रकाराने १६४८ साली शेबाच्या राणीच्या प्रस्थानाचे बंदरचित्र रंगवले. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दोन्ही बाजूंना भव्य वास्तू, मध्ये मोकळा समुद्र आणि समोर, क्षितिजाच्या किंचित वर, सूर्य. त्याच्या खालून लाटांवर चमकणारी एक वाट धक्क्याकडे येते. या वाटेचे शास्त्र साधे आहे. प्रत्येक लाट हा एक कललेला आरसा असतो. ज्या आरशांतून किरण आपल्या डोळ्यांकडे वळतात तेवढेच आपल्याला चकाकताना दिसतात. म्हणून पाण्यावरची ही वाट नेहमी पाहणाऱ्याकडेच येते. किनाऱ्यावर अंतर ठेवून उभ्या राहिलेल्या दोघांना दोन वेगळ्या वाटा दिसतात. क्लोदच्या चित्रात या वाटेमुळे सारे जग एका सूत्रात गुंफले जाते. स्तंभ, शिडे, लाटा आणि माणसे एकाच उगमापासून आपापली छटा घेतात. सूर्य येथे आपल्याकडे पाहू देतो, आणि जग सुव्यवस्थित असल्याचा भरवसाही देतो.

इंग्रज चित्रकार टर्नर (१७७५–१८५१) हा या वारशाचा उघड हक्कदार. आपली दोन चित्रे क्लोदच्या चित्रांशेजारी लावली जावीत, अशी तरतूदच त्याने मृत्युपत्रात करून ठेवली होती. परंतु १८२८ साली रोममध्ये रंगवलेल्या आणि १८३७ मध्ये पुन्हा हाताळलेल्या ‘रेग्युलस’ या चित्रात त्याने क्लोदचे बंदर घेतले आणि त्यातला भरवसा काढून टाकला. रेग्युलस हा कार्थेजने बंदी केलेला रोमन सेनानी. तहाची बोलणी करण्यासाठी त्याला रोमला धाडले असता त्याने तह नाकारण्याचाच सल्ला दिला आणि दिलेल्या वचनाप्रमाणे तो परत गेला. आख्यायिका अशी की, कार्थेजवासीयांनी त्याच्या पापण्या कापून त्याला उन्हात उभे केले. चित्रात रेग्युलस शोधूनही सहजी सापडत नाही. सापडतो तो पांढरा, बोचरा, कडा विरघळवणारा प्रकाश. अनेक समीक्षकांच्या मते टर्नरने प्रेक्षकालाच रेग्युलसच्या जागी उभे केले आहे. प्रकाशामुळे दिसते, हा आपला नित्याचा अनुभव. प्रकाशच दृष्टी हिरावून घेऊ शकतो, हा या चित्राचा प्रत्यय.

तिसरे चित्र याहून अवघड आहे. १८४० साली टर्नरने मृत आणि मरणासन्न गुलामांना समुद्रात फेकणाऱ्या जहाजाचे चित्र प्रदर्शित केले. त्यामागे ‘झाँग’ या जहाजाची हकीकत असावी, असे सामान्यतः मानले जाते. १७८१ साली त्या जहाजावरून १३० हून अधिक गुलामांना समुद्रात लोटण्यात आले आणि मग ‘मालाच्या’ नुकसानीबद्दल विमा मागण्यात आला. टर्नरच्या काळी हा विषय केवळ इतिहासजमा नव्हता. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणारा १८३३ चा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रदेशांना लागू नव्हता; भारतातील कायदा १८४३ साली झाला.

या चित्रात आकाशातून उतरलेला प्रकाशस्तंभ तांबड्या-सोनेरी पाण्यावर पसरत पुढे येतो. नजर प्रथम तिथेच ओढली जाते. डावीकडचे जहाज मग दिसते आणि त्यानंतर, उजव्या कोपऱ्यात, बेडी अडकलेला एक पाय, त्याभोवती मासे, लाटांतून वर आलेले हात.

जॉन रस्किनने १८४३ साली ‘मॉडर्न पेंटर्स’च्या पहिल्या खंडात या समुद्राचे आणि या उजेडाचे विलक्षण वर्णन केले. जहाज अपराधी असल्याची सूचना त्यात आहे. पण ते गुलामांचे जहाज आहे आणि पाण्यात प्रेते आहेत, ही गोष्ट त्याने तळटीपेत सांगितली. पुढे हे चित्र काही काळ त्याच्या मालकीचेही होते; १८९९ पासून ते बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. रस्किनची रसज्ञता निर्विवाद आहे. म्हणूनच ती तळटीप अस्वस्थ करते. आशय तळाशी ढकलून केवळ प्रकाशाचा आस्वाद घेणे किती सहज शक्य असते, याचे ते उदाहरण होय.

याउलट, चित्र हा केवळ अत्याचाराचा पुरावा मानला तर त्यातल्या प्रकाशाचे प्रयोजनच उरत नाही. एवढे सौंदर्य क्रौर्याला सुसह्य करीत नाही काय, हा आक्षेपही गंभीर आहे. बुडणाऱ्यांना येथे चेहरे नाहीत, केवळ अवयव आहेत; ही या चित्राची उणीव मान्य करावी लागते. तरीही टर्नरने नजरेला लावलेला विलंब अर्थपूर्ण वाटतो. आपण आधी सूर्यास्तावर लुब्ध होतो आणि मग, त्याच उजेडात, तो पाय पाहतो. लुब्ध झाल्याची लाज हा या चित्रानुभवाचाच भाग आहे.

क्लोदच्या बंदरात पाहणाऱ्याकडे येणारी किरणांची वाट आमंत्रणासारखी होती. टर्नरच्या समुद्रात ती जहाज आणि बेडीचा पाय यांच्या मधून येते, आणि प्रेक्षकाला साक्षीदाराच्या जागी उभे करते. सागरचित्रातील प्रकाशाचे मूल्यमापन करताना तो किती हुबेहूब उतरला आहे, एवढेच पाहून भागत नाही. त्याने काय उजळले आणि आपल्याला ते किती उशिरा दिसले, हेही समीक्षेने मजकुरातच नोंदवले पाहिजे.