दंडातल्या धमनीची साक्ष

डेव्हिड सेलरमायर आणि सहकाऱ्यांचा ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला १९९६ चा शोधनिबंध मी पुन्हा पुन्हा वाचतो, तो त्यातल्या प्रयोगाच्या घडणीसाठी. १५ ते ३० वर्षांची ७८ निरोगी माणसं, २६-२६ चे तीन गट. पहिला गट धुरापासून लांब राहिलेल्यांचा, दुसरा सिगारेट ओढणाऱ्यांचा. तिसऱ्यातल्यांनी स्वतः कधी ओढली नव्हती. पण किमान तीन वर्षं रोज निदान तासभर दुसऱ्याचा धूर त्यांच्या छातीत जात होता.

माणसाला उताणं झोपवायचं, कोपराच्या वर अल्ट्रासाउंडचा प्रोब टेकवून धमनीचा व्यास मोजायचा. मग पट्टा आवळून काही मिनिटं हाताचं रक्त अडवायचं. पट्टा सैल केला, की बांध फोडलेल्या पाटासारखं रक्त आसुसलेल्या हाताकडे धावतं. धमनीच्या आतल्या अस्तराला हा लोंढा जाणवतो, ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं, भोवतीचा स्नायू सैलावतो आणि धमनी रुंदावते. पहिल्या गटात ती सरासरी ८.२ टक्के रुंदावली. धमनी चार मिलिमीटरची धरली, तर ही वाढ मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी! एवढ्याशा हालचालीवर सगळा निबंध उभा आहे. ओढणाऱ्यांत ती ४.४ टक्के भरली, आणि नुसता धूर सोसणाऱ्यांत ३.१. या दोन गटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका नाही, पण दोघंही पहिल्या गटाच्या कितीतरी मागे. या ३.१ पाशी मी दर वेळी थबकतो. त्या २६ जणांनी काय केलं होतं?

मला सर्वांत देखणी वाटते ती पुढची पायरी. जिभेखाली नायट्रोग्लिसरिन दिलं, की अस्तराची मध्यस्थी लागत नाही. औषध थेट स्नायूला सैल करतं. तसं केल्यावर तिन्ही गटांच्या धमन्या जवळपास सारख्याच रुंदावल्या. म्हणजे स्नायू धडधाकट होता, बिघाड अस्तरात होता. छातीत कळ नाही, धाप नाही, कसलीच तक्रार नाही, अशा विशी-पंचविशीच्या पोरांत तो सुई न टोचता दिसला.

याच्या जोडीला सेलरमायर यांचाच १९९३ चा निबंध वाचावा. त्यात सिगारेट सोडलेल्यांचाही गट आहे, आणि सोडून जितका जास्त काळ लोटलेला, तितकी धमनी अधिक मोकळेपणाने रुंदावताना आढळते.