लिनक्सवर जाताना अलिबागकडे बघा

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की महिनाभरात कुणीतरी सीनियर सांगतोच, "ते विंडोज काढ आधी, उबुंटू टाक." १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपांवर विंडोज ११ चढत नाही, त्यामुळे हा सल्ला आता जरा जोरातच मिळतो. सल्ला चुकीचा नाही. माझी तक्रार आहे ती त्यामागे दिल्या जाणाऱ्या कारणांबद्दल, आणि त्याहून जास्त त्या घाईबद्दल.

कारणं तुम्हाला पाठ असतील: फुकट आहे, व्हायरस येत नाही, जुनं मशीन पळतं. ही कारणं बिलं छापणाऱ्या दुकानदाराला पुरेशी आहेत. संशोधकाला नाहीत. इंग्रजीत 'फ्री' या शब्दाचा घोळ होतो, म्हणून रिचर्ड स्टॉलमनला १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केल्यापासून त्याचा अर्थ समजावत बसावं लागलं. आपल्याकडे 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन सरळ वेगळे शब्द आहेत, तरी आपण प्रचार करतो तो मोफतचाच. तुमच्या कामाचं आहे ते मुक्त असणं. उत्तर कसं आलं हे तळापर्यंत उघडून बघता येतं, आणि परीक्षकालाही बघता येतं. शिवाय जगातले पहिले ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. मोठं गणित करायची वेळ आली की तुम्ही तिथे जाणारच आहात.

मग लगेच का नको?

२०१९ मध्ये हवाई विद्यापीठात सायनोबॅक्टेरियावर काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. एनएमआरचे केमिकल शिफ्ट मोजण्यासाठी ते २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पायथन स्क्रिप्ट वापरत होते. त्याच स्क्रिप्ट, त्याच फाइली. पण विंडोज १० वर उत्तर १७३.२ आणि उबुंटू १६ वर १७२.७. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, प्रोग्रॅम गुण्यागोविंदाने चालला. कारण शोधलं तर अगदी साधं. स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागत होती आणि ती वर्णानुक्रमेच येईल असं गृहीत धरत होती. विंडोजवर ती सहसा तशी येते. लिनक्सवर तशी हमी नाही. क्रम बदलला, एका फाइलीतला आकडा दुसरीच्या आकड्याशी जोडला गेला आणि उत्तर सरकलं.

यात नीट बघा: बरोबर उत्तर विंडोजवर येत होतं. म्हणून लिनक्स वाईट ठरत नाही, चूक स्क्रिप्टमधल्या गृहीतकाचीच होती. पण ज्याने उत्साहाने एका रात्रीत सिस्टिम बदलली आणि जुनं सगळं पुसून टाकलं, त्याला हे कळायला मार्गच उरत नाही. ताडून बघायचं कशाशी?

हा प्रश्न आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर १२० वर्षांपूर्वी सुटलेला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापं होत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी वेधशाळेसाठी अलिबागची जागा निवडली आणि चुंबकीय नसलेलं साहित्य वापरून तिथे इमारती उभ्या केल्या. अलिबागचं काम १९०४ ला सुरू झालं. पण कुलाबा त्या दिवशी बंद झालं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू होतं. दोन ठिकाणच्या आकड्यांत किती फरक पडतो हे हातात आल्यावरच कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबल्या. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये.

म्हणून आज कुलाबा-अलिबाग ही एकच सलग मालिका म्हणून वापरता येते. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळाच्या कुलाब्यातल्या नोंदी भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर २००३ मध्ये पुन्हा तपासल्या. क्षेत्रातली घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला निघाली. १४४ वर्षांनी! त्या नोंदी वाचायला कुठलं लायसन्स लागलं नाही. (तुमच्या गाइडचा २००३ सालचा मराठी अहवाल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर आज उघडून बघा. अक्षरांऐवजी नुसती चिन्हांची रांगोळी दिसेल.)

तेव्हा माझं म्हणणं असं की सिस्टिमच्या आधी फाइली हलवा. विंडोजवर असतानाच डेटा सीएसव्हीत ठेवा, मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणा, आलेख पायथन किंवा आर मध्ये काढायला लागा. हे सगळं विंडोजवरही चालतं. मग ड्युअल बूट करा. त्याआधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. एखादं आधीच पूर्ण झालेलं विश्लेषण निवडून दोन्हीकडे चालवा आणि शेवटच्या दशांशापर्यंत ताडा. फाइलींची यादी घेताना कोडमध्ये क्रम स्वतः लावून घ्या. फाइलींच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरंही तपासा, कारण 'डेटा' नावाच्या दोन फाइली, एक कॅपिटल डी ची आणि एक स्मॉल, लिनक्सला वेगळ्या वाटतात, विंडोजला सहसा एकच. मूसांसारखी दोन वर्षं नकोत, एक सेमिस्टर पुरे.

लिनक्सचे प्रचारक आणखी एक गोष्ट सांगत नाहीत: प्रयोगशाळा तुमच्या एकट्याची नसते. यंत्राचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा फक्त विंडोजवर चालतं. ओरिजिन फक्त विंडोजवर चालतं. गाइड वर्डमध्ये दुरुस्त्या करून पाठवतात, आणि लिब्रेऑफिसमध्ये तक्ता कधीकधी पुढच्या पानावर उडी मारतो. "गाइडना पण लिनक्सवर आणा" असं म्हणणाऱ्यांनी बहुधा गाइड पाहिलेले नसावेत. यंत्राचा संगणक विंडोजवरच राहू द्या. फक्त त्यातून डेटा कुठल्या स्वरूपात बाहेर पडतो तेवढ्यावर हट्ट धरा. आमच्या एका यंत्राचं सॉफ्टवेअर स्वतःच्याच बंद फॉरमॅटमध्ये सेव्ह करतं, पण मेनूत खोल दडलेला टेक्स्ट एक्स्पोर्ट आहे. तो शोधायला अर्धा दिवस गेला, तरी तो अर्धा दिवस सत्कारणी लागला.

शिकायचं कुठे, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, पायथन आणि लॅटेकचे धडे मराठीतून आहेत. टर्मिनलची भीती तिथे मोडते. आणि प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात यंत्राचं मॉडेल लिहिता, तसंच ऑपरेटिंग सिस्टिम, तिची आवृत्ती आणि प्रत्येक लायब्ररीची आवृत्तीही लिहा. दोन ओळी लागतात. परीक्षक विचारो न विचारो, पाच वर्षांनी तुमची स्क्रिप्ट दुसऱ्या कुणीतरी चालवली आणि आकडा ०.५ ने सरकला, तर तो त्या दोन ओळींपासूनच शोध सुरू करेल.