शालेय रसायनाचें गद्य

क्रमिक पुस्तकांचें वाङ्मयीन परीक्षण करण्याची आपल्याकडे चाल नाहीं. एखाद्या कादंबरीच्या हजार प्रती खपल्या तर तिच्यावर चार टीकालेख होतात. परंतु जें पुस्तक लाखों मुलें वर्षभर वाचतात, पाठ करतात आणि परीक्षेनंतर रद्दींत घालतात, त्याच्या भाषेविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं. वस्तुतः शास्त्रीय मराठी गद्य मुलाला प्रथम भेटतें तें येथेंच, आणि पुष्कळांना तें पुन्हां कधीं भेटत नाहीं. म्हणून बालभारतीनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या इयत्ता नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पुस्तकांतील ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हें प्रकरण मीं मुद्दाम वाचलें. मी साहित्याचा अध्यापक; रसायनाशीं माझा संबंध बारावीबरोबरच संपला. तेव्हां शास्त्राचा निवाडा मी करीत नाहीं. हें गद्य वाचकाला काय करावयास लावतें, एवढेंच पाहतों.

प्रथम गुण सांगितला पाहिजे. ‘आम्लारी’ हा शब्द ज्यानें घडविला त्याला भाषेचें मर्म कळलें होतें. आम्ल आणि अरि, म्हणजे आम्लाचा शत्रू. दोघे भेटले कीं दोघांचाही तीव्रपणा मावळतो, हें उदासिनीकरणाचें रहस्य एका समासांत आलें. इंग्रजी ‘बेस’ या शब्दांत यांतलें कांहींच नाहीं. तेथें विद्यार्थ्याला अर्थ बाहेरून चिकटवावा लागतो. आपल्या शब्दांत तो आंतूनच उमलतो.

अडचण सुरू होते ती ‘क्षार’ या शब्दापाशीं. आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेंत पाण्याबरोबर जो पदार्थ निपजतो त्याला पुस्तक क्षार म्हणतें. आपलें मीठ हा त्याचा ठळक नमुना. पण मुलगा घरून जो शब्द घेऊन येतो तो खार: पापडखार, सज्जीखार. आयुर्वेदांतही क्षार म्हणजे दाहक, आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. शेजारच्या हिंदींत क्षार म्हणजे अल्कली, आणि आपल्या पुस्तकी क्षाराला तेथें लवण म्हणतात. गंमत अशी कीं पापडखार हा पुस्तकी अर्थानेंही क्षारच आहे, पण त्याचें पाणी तांबडा लिटमस निळा करतें. म्हणजे जात क्षाराची आणि गुण आम्लारीचा. घरचा शब्द आणि शाळेचा शब्द असे एकमेकांत गुंतले असतां नुसती व्याख्या पाठ केल्यानें ती गांठ सुटत नाहीं. ती सोडविण्यास चार ओळी पुरतील. पण त्या चार ओळी मुलाच्या स्वयंपाकघरापासून सुरू व्हावयास हव्यात.

याहून मोठा प्रश्न प्रयोगाच्या गद्याचा आहे. आपल्या शालेय पुस्तकांतील प्रयोगाची रचना पहा. आधीं आज्ञा: अमुक घ्या, तमुक टाका, निघालेला वायू चुन्याच्या निवळींतून जाऊं द्या. आणि तिच्या पाठोपाठ फळ: निवळी दुधाळ होते. पुस्तक वर ‘करून पहा’ असें म्हणतें खरें, पण काय दिसणार तें आधींच सांगून टाकल्यावर करण्याचें आणि पाहण्याचें कारण उरतें कोठें? रहस्यकथेच्या पहिल्या पानावर खुन्याचें नांव छापावें, तसेंच हें झालें. कृति, निरीक्षण आणि अनुमान हा प्रयोगलेखनाचा क्रम केवळ सोयीचा नाहीं, तो सचोटीचा आहे. आधीं काय केलें, मग काय दिसलें, आणि अखेर त्यावरून काय म्हणतां येईल. यांतली मधली पायरी उसनी आणली कीं तिसरीला आधार राहात नाहीं.

गेल्या दिवाळीच्या सुटींत खडवलीस एका स्नेह्यांकडे गेलों होतों. त्यांचा मुलगा नववींत. त्याची प्रयोगवही मीं सहज चाळली. अक्षर मोत्यासारखें, आकृत्या रेखीव, आणि प्रत्येक निरीक्षण बिनचूक. निवळीचा प्रयोग कसा झाला म्हणून विचारलें, तेव्हां तो सरळपणें म्हणाला, “काका, तो झाला नाहीं. फळ्यावरून उतरवून घेतला.”

दुसऱ्या दिवशीं आम्हीं तो केला. पानाचा चुना रात्रीं पाण्यांत कालवून ठेविला होता. चुना डोळ्यांस वाईट, म्हणून तें काम मीं केलें. सकाळीं वरचें स्वच्छ पाणी अलगद ओतून घेतलें व त्यांत तितकेंच साधें पाणी घातलें. औषधाच्या बाटलींत लिंबाचा रस व खाण्याचा सोडा घालून त्यांतला वायू नळीनें निवळींत सोडला. निवळी दुधाळ झाली. मुलगा खूष झाला आणि वही आणावयास उठूं लागला. मीं त्याला बसविलें. पुन्हां रस, पुन्हां सोडा, असें बराच वेळ चाललें, आणि पांढरेपणा हळूहळू विरून पाणी परत निवळलें.

“काका, आपलं कांहींतरी चुकलं.”

“कशावरून?”

“दुधाळ होतं, एवढंच उत्तर आहे.”

चुकलें कांहींच नव्हतें. दुधाळपणा हा न विरघळणाऱ्या कॅल्शिअम कार्बोनेटचा. वायू जास्त झाला कीं त्याचें विरघळणारें बायकार्बोनेट होतें आणि पाणी स्वच्छ दिसतें. तेंच पाणी चुलीवर उकळलें तेव्हां तें पुन्हां गढुळलें. मुलाची आजी दारांतून पहात होती. ती म्हणाली, “आमच्या बंबाच्या तळाशीं बसायचं तेंच हें.” तिनें कोणतीही व्याख्या पाठ केली नव्हती, पण निरीक्षण तिचें स्वतःचें होतें.

हा केवळ शिक्षणपद्धतीचा वाद नव्हे. खडवलीहून लोकलनें कल्याणावरून गेलें कीं थोड्या वेळांत डोंबिवली येतें. तेथील औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. तेथें २६ मे २०१६ रोजीं आणि पुन्हां २३ मे २०२४ रोजीं भीषण स्फोट होऊन माणसें दगावलीं. त्या अपघातांचीं कारणें शाळेंत शोधावयाचीं नाहींत, हें उघड आहे. परंतु या परिसरांतल्या कित्येक मुलांचें पुढलें आयुष्य अशाच नळ्या आणि टाक्यांच्या सोबतीनें जाणार आहे. तीव्र आम्ल पाण्यांत थोडें थोडें सोडावें, आम्लांत पाणी ओतूं नये, हा नियम त्यांना तोंडपाठ असतो. पण त्या मिश्रणांत केवढी उष्णता निघते, वरून ओतलेलें पाणी जागच्या जागीं उकळून आम्ल अंगावर कसें उडवितें, हें ज्यानें शिक्षकाच्या देखरेखीखालीं पातळ केलेल्या आम्लाची परीक्षानळी हातांत धरून, तिची ऊब अनुभवून जाणलें नाहीं, त्याच्या लेखीं तो नियम म्हणजे केवळ एक मंत्र. आणि ज्याला वहींत न पाहिलेलें लिहिण्याची संवय लागली, तो उद्यां कारखान्याच्या नोंदवहींत न पाहिलेलें तापमान लिहिणार नाहीं, याची हमी कोणी द्यावी?

उपाय खर्चाचा नाहीं. पुस्तकांत कृति असावी, प्रश्न असावा, आणि निरीक्षणाची जागा खरोखर कोरी असावी. फळ हवें तर प्रकरणाच्या शेवटीं छापावें. दहावीच्या परीक्षेंत विज्ञानाच्या शंभर गुणांपैकीं वीस प्रात्यक्षिकाला असतात. त्यांतले कांहीं तरी, ‘अपेक्षिलें तें दिसलें नाहीं’ असें प्रामाणिकपणें लिहिणाऱ्या मुलाला मिळावे.

निघतांना त्या मुलानें वही पुढें केली. निवळीच्या प्रयोगाखालीं त्यानें वेगळ्या शाईनें एक ओळ वाढविली होती: पाणी पुन्हां स्वच्छ झालें, असें कां होतें तें सरांना विचारावयाचें आहे. त्या वहींतलें तेंच एक वाक्य त्याचें स्वतःचें होतें.