‘पेकिंगमधील पंचावन्न दिवस’ : पडद्यावर न दिसलेले ख्रिस्तजन

निकोलस रे यांचा ‘फिफ्टी फाइव्ह डेज अ‍ॅट पेकिंग’ हा चित्रपट १९६३ साली निघाला. २० जून ते १४ ऑगस्ट १९०० या काळात बॉक्सर बंडखोर व चिनी सैन्य यांनी पेकिंगमधील परकीय वकिलातींना घातलेला वेढा हा त्याचा विषय. चार्लटन हेस्टन व डेव्हिड निव्हन यांचा अभिनय रुबाबदार आहे. स्पेनमध्ये उभारलेले पेकिंगही नेत्रदीपक आहे. परंतु चिनी राजमातेची भूमिका फ्लोरा रॉबसन या इंग्रज अभिनेत्रीकडे जावी, यातच चित्रपटाची दृष्टी कळून येते. कथा चीनची, पण चीनला तीत स्वतःचा चेहरा नाही.

त्याहून मोठी उणीव आपल्या जिव्हाळ्याची आहे. वकिलातींच्या आश्रयाला अडीच हजारांहून अधिक चिनी ख्रिस्ती आले होते. राजपुत्र सू यांच्या वाड्यात त्यांना ठेवण्यात आले. तटबंदीसाठी घाम त्यांनी गाळला. मात्र अखेरच्या दिवसांत परकीयांच्या ताटात घोड्याचे मांस असताना यांच्या वाट्याला झाडपाला व साली आल्या. चित्रपटात ते केवळ गर्दी म्हणून वावरतात. नजरेत भरते ती तेरेसा ही पोरकी मुलगी. तीही अमेरिकन अधिकाऱ्याची लेक. शेवटी तिला घोड्यावर घेणारा हात परकीयाचाच!

वेढा उठल्यावर चित्रपट थांबतो. इतिहास थांबत नाही. विजयी फौजांनी शहर लुटले. ७ सप्टेंबर १९०१ च्या करारान्वये चीनवर ४५ कोटी ताएल चांदीचा दंड बसला आणि वकिलातींच्या वस्तीत राहण्याचा हक्क चिनी माणसाला उरला नाही. म्हणजे ज्यांनी ती वस्ती राखण्यास हातभार लावला, त्यांनाच तिची दारे बंद झाली! हा विरोधाभास चित्रपटाने मांडला असता, तर तो केवळ युद्धपट न राहता शोकांतिका ठरला असता.

त्याच वस्तीत फ्रेंच मिशनऱ्यांनी बांधलेले संत मायकलचे चर्च आजही उभे आहे. तेथे आता चिनी भाविक मिस्सा ऐकतात. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चीनमधील १२० हुतात्म्यांना संतपद दिले. त्यांपैकी ८७ चिनी होते आणि अनेकांचे रक्त १९०० सालीच सांडले होते. वाचकांनी चित्रपट अवश्य पाहावा. मात्र नायकामागच्या त्या मूक गर्दीकडे लक्ष ठेवून पाहावा. खरी कथा तिची आहे.