निनावी माहिती हा डेटा आहे का?

माध्यमांच्या पक्षपातावर संशोधन करायचं ठरवलेल्या एका ज्युनियरने मागच्या आठवड्यात घाटकोपर-अंधेरी मेट्रोत मला त्याचा बेत सांगितला. एक वेबसाइट काढायची, वृत्तपत्रांतल्या लोकांनी नाव न सांगता आतली माहिती टाकायची, आणि तोच डेटा. तुमच्यापैकीही कुणाच्या डोक्यात हे असेल, म्हणून एक प्रकरण सांगते.

२००९ची विधानसभा निवडणूक. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं कौतुक करणारा एकच मजकूर लोकमत, पुढारी आणि महाराष्ट्र टाइम्समध्ये जवळपास शब्दशः छापून आला. पी. साईनाथ यांनी ते 'द हिंदू'त मांडलं. चव्हाणांनी वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवर दाखवलेला खर्च होता ५,३७९ रुपये. आता बघा, इथे कुणी गुपित फोडायची गरजच नव्हती. जुने अंक काढा, शेजारी ठेवा, तुम्हालाही तेच दिसेल. विज्ञानात आपण ज्याला पुन्हा करून बघता येणारा प्रयोग म्हणतो, तो हाच.

पण पैसे दिले गेले का, हे छापील पान सांगत नाही. २०१४मध्ये निवडणूक आयोगाचा निकाल चव्हाणांच्या विरोधात गेला, आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे आतला माणूस लागतोच. तो नाव का लपवतो, हेही उघड आहे. २०१४चा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, आणि त्यातही निनावी तक्रार चालत नाही. खाजगी दैनिकातल्या उपसंपादकाला, ज्याचा बोरिवलीच्या घराचा हप्ता चालू आहे, त्याचा काय उपयोग?

तरीही त्या वेबसाइटला मी डेटा म्हणणार नाही. तिथे लिहिणार कोण? बहुधा दुखावलेले. ज्या दैनिकातून कुणीच लिहिलं नाही, ते तुमच्या तक्त्यात स्वच्छ दिसेल! शिवाय लिहिणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि खोटी माहिती पेरणं प्रतिस्पर्ध्याला फारच सोपं.

ज्युनियरला मी इतकंच म्हटलं: आलेली प्रत्येक निनावी ओळ म्हणजे कुठला अंक, कुठली तारीख शोधायची याचा पत्ता समज. पान सापडलं तर ते नोंदव, नाही सापडलं तर ओळ बाजूला ठेव. तो अंधेरीला उतरेपर्यंत वाद घालत होता.