‘सामाईक’, ‘नांदणे’ आणि ‘कोयता’: एका अधिनियमाच्या परिभाषेचा विचार

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या गुणदोषांची चर्चा बहुधा न्यायशास्त्राच्या अंगाने होते. सातारा-सांगलीकडील स्त्री जी भाषा बोलते तीत हा कायदा मुळात उतरला आहे काय, हे सहसा कोणी तपाशीत नाही.

सतराव्या कलमाने स्त्रीला ज्या घरात राहण्याचा हक्क दिला, त्यास मराठीत ‘सामाईक घर’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा पर्याय कोशदृष्ट्या निर्दोष, पण व्यवहारात घातक होय. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला ‘सामाईक’ हा शब्द परिचित असतो तो सातबाऱ्यावरून आणि विहिरीच्या तंट्यांवरून. जेथे सामाईक तेथे हिस्सा, आणि हिस्सा तेथे नाव, असा त्याचा अर्थ रूढ आहे. कलमाचा आशय नेमका उलट आहे. घरात मालकी असो वा नसो, स्त्रीला तेथे राहता येते. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आपले नाव नाही, तेव्हा हक्कही नाही, या तिच्या समजाला हा शब्दच पुष्टी देतो. अर्थात दोष एकट्या भाषांतराचा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली बत्रा खटल्यात सासूच्या मालकीचे घर या संज्ञेबाहेर ठेवले होते. तो अर्थ चुकीचा ठरावयास अहुजा खटल्याचा २०२० मधील निकाल यावा लागला. आणि त्या निकालानेही वृद्ध सासूसासऱ्यांच्या हिताचा तोल राखण्यास सांगितलेच आहे.

याहून खोल अडचण ‘नांदणे’ या क्रियापदाची. मराठीत विवाहिता सासरी ‘राहत’ नाही, ‘नांदते’. आणि प्रयोजक रूप घेतले की कर्तेपण सासरकडे जाते: ‘तिला नांदवीत नाहीत.’ तिचे राहणे हे असे दुसऱ्याच्या इच्छेचे फळ बनते. ‘टाकलेली’ या कर्मणी विशेषणातही तेच घडते. १९८० नंतरच्या काळात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ यांनी या भागात परित्यक्तांचा प्रश्न ऐरणीवर आणला. ‘परित्यक्ता’ हा शब्दही व्याकरणाने कर्मणीच. तथापि ज्यांच्यावर तो लादला गेला त्यांनीच तो मोर्चाच्या फलकावर मिरविला, तेव्हा त्याचा सूर पालटला. अधिनियमाला अशी संधी लाभली नाही. निवासाचा आदेश मागणारी स्त्री ‘मला नांदायला न्या’ असे म्हणत नसून ‘मला येथून कोणी काढू नये’ असे म्हणते, हा भेद समेट घडवू पाहणाऱ्या पंचांच्या लक्षात येत नाही आणि ती पुन्हा त्याच मारहाणीत पाठविली जाते.

कामाच्या ठिकाणाविषयीची तरतूद त्रोटक आहे. अठराव्या कलमान्वये दंडाधिकारी प्रतिवादीस स्त्रीच्या नोकरीच्या जागी पाऊल ठेवण्यास मनाई करू शकतो. मात्र मालकाने तिला रजा द्यावी अथवा कामावरून काढू नये, असे बंधन अधिनियमात नाही. न्यूझीलंडने २०१८ च्या कायद्याने अशा स्त्रीस वर्षाकाठी १० दिवसांची सवेतन रजा दिली. येथे तेवढेही नाही. आणि जे आहे ते कचेरीत वा शाळेत नोकरी करणारी स्त्री नजरेसमोर ठेवून लिहिलेले दिसते. भांगलणीला जाणाऱ्या बाईचे ‘नोकरीचे ठिकाण’ आज एका बांधावर, उद्या दुसऱ्या.

ऊसतोडीत तर ही संज्ञा पुरती कोलमडते. सांगली-सातारच्या कारखान्यांकडे येणाऱ्या टोळ्यांत ‘एक कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. मजुरी मोजायची ती कोयत्यावर. उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते, फेड मात्र दोघांच्या श्रमातून होते. राहण्याची कोपी एकच, फडही एकच. येथे नवऱ्याला कामाच्या जागी येण्यास मनाई केली तर कोयताच उरत नाही, आणि तिने जोडी सोडली तर हाती काम नाही, डोक्यावर छप्पर नाही, उचलीचा तगादा मात्र कायम. एकट्या मजुरास टोळीत ‘अर्धा कोयता’ म्हणतात. त्या अर्ध्या कोयत्याच्या नावे उचल वेगळी मांडण्याचा आदेश मुकादमास देता येईल, असे एकही कलम या अधिनियमात स्पष्ट शब्दांत आढळत नाही.