एक फुलपाखरू, तीन नावे

तारकर्लीत बहुतेक घरांच्या परसात कढीपत्त्याचे नाहीतर लिंबाचे झाड असते. पावसाळा सरता सरता त्याभोवती तीन तऱ्हेच्या फुलपाखरी माद्या घिरट्या घालू लागतात. एक काळी, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेली. हिचे रूप थेट नरासारखे. दुसरीच्या मागच्या पंखांवर मधोमध पांढरा डाग आणि कडेला तांबूस चंद्रकोरी. तिसरी अधिक नटलेली, लाल ठिपक्यांची. तिघी अंडी घालतात ती त्याच कोवळ्या पानांवर, आणि त्यांतून निघणारे सुरवंट एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नाहीत.

ही तीन फुलपाखरे नव्हेत, एकच आहे: कॉमन मॉरमॉन. हे शास्त्रज्ञांना कळायला शतकाहून अधिक काळ लागला. लिनियसने 1758 साली एकाच ग्रंथात नराला एक नाव दिले आणि मादीच्या एका रूपाला दुसरे. क्रॅमरने 1775 मध्ये लाल ठिपक्यांच्या मादीला तिसरे नाव बहाल केले. 1865 साली वॉलेसने या सगळ्या एकाच जातीच्या माद्या असल्याचे मांडले. ज्यांचे सुरवंट ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि म्हणून ज्यांना पक्षी टाळतात, त्या कॉमन रोज आणि क्रिम्सन रोज या बेचव फुलपाखरांची दोन रूपे नक्कल करतात. एकाच आईच्या लेकी निरनिराळ्या रूपांच्या निघू शकतात.

हे घडते कसे, याचे उत्तर बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील (एनसीबीएस) कृष्णमेघ कुंटे यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2014 च्या ‘नेचर’मधील निबंधात आहे. अशी गुंतागुंतीची नक्कल चालवायला शेजारी शेजारी चिकटून बसलेल्या अनेक जनुकांचा जुडगा लागत असावा, असा जुना समज होता. या निबंधाने बोट ठेवले ते ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकावर. कीटकांत नर-मादी भेद घडवणारे हे जुनेच जनुक. उत्क्रांती नवे यंत्र बसवत नाही, घरातले जुने अवजार दुसऱ्या कामाला लावते, हे इतके स्वच्छ दाखवणारे उदाहरण शिकवायला क्वचित मिळते.

पण बटण सापडले म्हणून ते कोण दाबतो हे कळले, असे नाही. नक्कल फायद्याची, तर नरासारख्या माद्या टिकल्या कशा? नरांना त्याच पसंत पडतात, असे एक स्पष्टीकरण बराच काळ दिले जात होते. कुंटे यांनीच 2009 मध्ये त्याची कठोर झाडाझडती घेतली होती. माझ्या मते हा कमी गाजलेला लेख 2014 च्या निबंधाआधी वाचायला हवा, कारण खरा प्रश्न तिथे आहे. त्याचे उत्तर प्रयोगशाळेइतकेच परसातही शोधावे लागेल: कुठल्या गावात कुठले रूप किती, आणि ज्यांची नक्कल होते ती फुलपाखरे किती.

आता उलटी चूक पाहा. जांभ्याच्या भिंतीवर, बावीच्या कठड्यावर एक करड्या ठिपक्यांचा चतुर बसतो. हलला नाही तर दगडच वाटावा. 1842 साली रांबूरने वर्णन केलेली ‘ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा’ ही या प्रजातीतली भारतातली एकच जाती, असे धरले जाई. 2020 मध्ये शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी कोकण किनाऱ्यावरची वेगळी जाती दाखवली आणि तिचे नाव ठेवले ‘कोंकणेन्सिस’. तिकडे एका जातीला तीन नावे, इकडे दोन जातींना एक. दोन्हीकडे पंख डोळ्यांपुढेच होते. डोळ्यांना दिसणारे साम्य आणि रक्ताचे नाते यांतला फरक हीच वर्गीकरणाची सगळी मेख आहे.

आपल्याकडे शिकवताना नेमकी हीच मेख निसटते. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिला धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा, सहावा प्राण्यांच्या वर्गीकरणाचा. मधल्या चार धड्यांत मुले पहिला विसरतात आणि सहावा संघांची नावे-लक्षणे म्हणून पाठ करतात. वर्गीकरण हा वंशावळीबद्दलचा अंदाज आहे आणि नव्या पुराव्याने तो चुकीचा ठरू शकतो, हे वर्गात कोणी म्हणत नाही. पुढे कृषी शाखेला गेलेल्याला कीटक भेटतो तो मुख्यतः आंब्यावरचा तुडतुडा किंवा माडावरचा गेंड्या भुंगा म्हणून, म्हणजे फवारणीच्या वेळापत्रकातून.

कुंटे यांच्याबद्दलची तक्रारही इथेच नोंदवतो. ‘बटरफ्लाइज ऑफ पेनिन्सुलर इंडिया’ (2000) या त्यांच्या पुस्तकाने कित्येकांना फुलपाखरांकडे वळवले. ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळाने हौशी लोकांच्या छायाचित्रांना शास्त्रात जागा दिली. हे शिकवणेच आहे, आणि मोठे आहे. पण छायाचित्र पाठवणारा नाव मिळाले की थांबतो. डबलसेक्सची गोष्ट इंग्रजी निबंधात राहते, मराठी बातमीत ‘नवी जात सापडली’ एवढेच उरते. परसातल्या तीन माद्यांपासून सुरुवात करून जनुकापर्यंत नेणारे शंभर पानी मराठी पुस्तक त्यांच्या हातून यायला हवे. तोवर तारकर्लीतल्या मुलांनी एक वही घालावी: तारीख, झाड, आणि तिघींपैकी कोण आली.